डोह राखला तरच नदी

समुद्रपूर या गावाच्या नावात समुद्र आहे. त्याच्या शिवारात मात्र वैशाखात गुडघाभर पाणी शोधावे लागते. नागपूर जिल्ह्यातून येणारी वणा नदी समुद्रपूर-हिंगणघाटचा मुलूख ओलांडून वर्धा नदीला मिळते; वर्धेचे पाणी वैनगंगेच्या संगतीने प्राणहितेत आणि तेथून गोदावरीत जाते. अशा रीतीने या नावाचा समुद्राशी असलेला संबंध पावसाळ्याचे चार महिने तरी खरा ठरतो. पुढे प्रवाह क्षीण होत जातो. होळी उलटली की ठिकठिकाणी धार तुटते, खडक उघडे पडतात आणि चैत्राच्या अखेरीस, विशेषतः लहान नद्यांत व नाल्यांत, नदी म्हणून जे उरते ते म्हणजे एकमेकांपासून दुरावलेल्या डोहांची मालिका.

या डोहांकडे प्रत्येक जण आपापल्या गरजेने पाहतो. शेतकऱ्याला त्यात भाजीपाल्याचे शेवटचे पाणी दिसते, रेतीच्या ठेकेदाराला तळाची रेती दिसते आणि मासे मारणाऱ्याला आयती पर्वणी दिसते. यांतील कोणाचीही गरज खोटी नाही. तथापि एक गोष्ट या सर्वांच्या नजरेतून निसटते. पुढच्या पावसाळ्यात या नद्यांत मासा असेल की नाही, याचा निकाल उन्हाळ्याच्या या दोन-अडीच महिन्यांत आणि या मोजक्या डोहांतच लागत असतो. आषाढात नदी दुथडी भरून वाहू लागली म्हणजे तिच्यात मासे कोठून येतात? ते आकाशातून पडत नाहीत. डोहात तगून राहिलेल्या माशांचीच ती प्रजा असते. उन्हाळ्यातील डोह हा नदीचा बियाण्याचा कणगा आहे, आणि बियाणे खाऊन टाकणाऱ्या घराची पुढची पेरणी कशी होते, हे वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको.

उन्हाचे गणित

डोहात मासा कशाच्या बळावर जगतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो आणि पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांवर हे प्रमाण साडेसातावर येते आणि ३५ अंशांवर सातपर्यंत घसरते. विपरीत गोष्ट अशी की, पाणी तापले म्हणजे माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढते. पुरवठा घटावा आणि मागणी वाढावी, अशी ही दुहेरी कोंडी आहे. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा उथळ पाण्याची काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येईल.

खोल डोहाचे महत्त्व येथे आहे. खोल पाण्याचा तळ वरच्या थरापेक्षा थंड राहतो. काठावरच्या जांभूळ, अर्जुन, उंबर या झाडांची सावली पाण्याला झाकते. रेतीच्या थरातून झिरपणारे पाणी डोहाला हळूहळू भर घालते. मरळ, मागूर यांसारख्या जातींना निसर्गाने हवेतून श्वास घेण्याची सोय दिली आहे. म्हणून त्या चिखलातही काही काळ तग धरतात. रोहू, कटला किंवा लहान खवल्यांच्या अनेक गावठी जातींना ती सोय नाही. डोह उथळ झाला, सावली गेली, झिरपा आटला की या जाती प्रथम जातात.

यात आणखी एक बाब आहे आणि ती अधिक गंभीर आहे. आपल्याकडील कार्प वर्गातील बहुतेक मासे पावसाळ्याच्या आरंभी वाहत्या पाण्यात अंडी घालतात. त्यासाठी त्यांच्या पोटात अंडी परिपक्व होतात ती उन्हाळ्यातच. म्हणजे मे महिन्यात डोहातून काढलेली मादी ही एक मासा नसते. तिच्याबरोबर हजारो, मोठी असल्यास लाखो अंडी तराजूत जातात. कृत्रिम प्रजननाची विद्या हाती आली आहे, तेव्हा नदीतील बीजाची चिंता कशाला, असे यावर कोणी म्हणेल. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखविले आणि भारतीय मत्स्यशेतीचे स्वरूप पालटले, हे निःसंशय. परंतु ते बीज मुख्यत्वे मोजक्या व्यापारी जातींचे असते. तलावात रोहू-कटला सोडता येतो. वणेतील वाम, शिंगाळा आणि नाव-गाव नसलेले डझनभर लहान मासे कोणते केंद्र निर्माण करून देणार? लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभापासून महसीर माशाचे प्रजनन चालविले आहे. एका जातीला सावरण्यासाठी जेथे अर्धशतकाहून अधिक काळ खपावे लागते, तेथे डोह हे काम विनामूल्य करीत आला आहे.

थंड नद्यांचा धडा

उन्हाळ्यातील नदी आणि मासेमारी यांचा विचार जगात इतरत्र कसा झाला आहे, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या रॉकी पर्वतातील मोंटाना राज्यात ट्राउट नावाचा थंड पाण्याचा मासा आहे. पिसे आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी गळाला लावून त्याला पकडणे हा तेथील मोठा छंद आणि मोठा व्यवसायही आहे. हाच मासा इंग्रजांनी १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत आणून वाढविला. हिमालयातील नद्यांना उन्हाळ्यात वितळत्या बर्फाचे पाणी मिळते; तेथे उन्हाळ्यात दुपारनंतर पाणी चढते व गढूळ होते, आणि गळ टाकणारा सकाळची निवळ धार गाठतो. मोंटानात मात्र बर्फ लवकर सरले की जुलै-ऑगस्टमध्ये नद्या रोडावतात आणि तापतात.

तेव्हा तेथील सरकार काय करते? नदीचे कमाल तापमान सलग ३ दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअसला पोचले, की दुपारी २ पासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकण्यास मनाई करता येते. तापलेल्या पाण्यात झुंजून दमलेला मासा परत सोडला तरी मरतो, हे त्यामागील साधे कारण. २०१६ च्या ऑगस्टमध्ये यलोस्टोन नदीत एका परजीवीमुळे हजारो मासे मेले, तेव्हा नदीचा १८३ मैलांचा पट्टा सर्वांसाठी बंद करण्यात आला. ऐन हंगामात, हौशी पाहुण्यांवर अनेकांची पोटे अवलंबून असताना हा निर्णय घेतला गेला.

मोंटानातले घड्याळ आणून वणेच्या काठी टांगावे, असा याचा अर्थ नव्हे. वाहत्या पहाडी नदीला दुपार घातक असते. विदर्भातील साचलेल्या, शेवाळलेल्या डोहाची घातवेळ वेगळी आहे. दिवसा शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते. रात्री तेच शेवाळ तो खाऊन टाकते. परिणामी पहाटेस डोहातील प्राणवायू नीचांकावर येतो आणि मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात. त्यातच पहिल्या वळवाचा लोंढा काठावरची घाण घेऊन उतरला की, एका रात्रीत डोह पांढरा होतो. म्हणजे वेळापत्रक उसने घेता येत नाही. तत्त्व मात्र घेता येते. पाण्याची अवस्था पाहून माणसाने हात आवरावा, हे ते तत्त्व. महाराष्ट्राला ते अपरिचित नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि कोकणातील कोळी समाज ती पाळतो. अथांग समुद्राला विश्रांती हवी, हे ज्या राज्याला पटले, त्याला हातभर डोहाला विश्रांती हवी, हे पटू नये काय?

चार संकटे

उन्हाळ्यातील डोहावर आज चार बाजूंनी संकट येते. पहिले विषाचे. पूर्वी हिंगणाचे किंवा गेळाचे फळ कुटून पाण्यात टाकीत व गुंगलेले मासे वेचीत. ती रीतही निर्दोष नव्हती. पण कपाशीच्या पट्ट्यात घरोघरी कीटकनाशकाचा डबा आला आणि संहाराचे मान बदलले. कीटकनाशक लहान-मोठे पाहत नाही. मासा, बेडूक, शिंपला, किडा सर्वांना एकदम संपविते, आणि त्याच डोहावर गावची गुरे पाणी पितात. एन्डोसल्फानसारखे माशांना अत्यंत मारक असलेले औषध सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंद केले. परंतु एक डबा गेला तरी दुसरा शिल्लक असतोच. सुरुंगाची कथा याहून निराळी नाही.

दुसरे संकट मोटारीचे. डोहावर पाच-सात मोटारी बसल्या की तळ दिसावयास फारसे दिवस लागत नाहीत. शेतकऱ्याला दोष देऊन येथे भागणार नाही. हातचे पीक वाळताना पाहणे कोणाला सोसवेल? पण शेवटच्या हातभर पाण्याने एक-दोन पाळ्या होतात आणि डोह कायमचा मरतो, हा व्यवहार शेतकऱ्यालाही तोट्याचा आहे. कारण त्याच्या विहिरीचा झरा त्याच डोहाशी नाते सांगतो.

तिसरे संकट रेतीचे. रेती हा नदीतला निरुपयोगी कचरा नसून ती पाणी धरून ठेवणारी आणि गाळणारी चाळणी आहे, ही गोष्ट घरबांधणीच्या उत्साहात विसरली गेली. लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपककुमार खटल्यात बजावले. परंतु रात्रीच्या ट्रॅक्टरला न्यायालयाचे निकालपत्र वाचावयास वेळ नसतो. चौथे संकट सद्हेतूचे आहे, म्हणून ते ओळखू येत नाही. खोलीकरणाच्या नावाखाली यंत्राने नदी-नाला सरळ, सपाट आणि एकसारखा खोदला की तो नकाशावर नेटका दिसतो. परंतु उंच-सखल तळ, खडकाच्या कपारी, काठाच्या मुळ्या हे माशाचे घर असते. सरळ केलेला नाला पाणी नेतो. डोह पाणी राखतो.

कायदा आहे, धनी नाही

यावर कायदा नाही, असे म्हणता येणार नाही. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने गुन्हा ठरविले. मूळ कायद्यातील शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी होती. महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा मत्स्यव्यवसाय अधिनियमही आहे. विदर्भापुरती तर आणखी एक विशेष सोय आहे. जुन्या मध्य प्रांतातून आलेली ‘निस्तार पत्रक’ आणि ‘वाजिब-उल-अर्ज’ ही दप्तरे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जपली आहेत. शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या ताब्यात नसलेल्या जमिनीतील अथवा पाण्यातील मासेमारीचे गावरिवाज वाजिब-उल-अर्जात नोंदविण्याची तरतूद त्या संहितेच्या कलम १६५ मध्ये आहे. पाणी कोणी, केव्हा आणि कसे वापरावे याचा विचार गावपातळीवर होत असे आणि तो लिहून ठेवला जात असे, याचा हा पुरावा होय. मालगुजारी १९५१ साली गेली आणि ते योग्यच झाले. परंतु मालगुजाराबरोबर पाण्याची राखणही गेली, ही हानी मात्र भरून निघाली नाही.

तलावांना निदान मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांचा ठेका असतो. म्हणून त्यांना कोणीतरी धनी असतो. समुद्रपूर तालुक्यातील पोथरा व लाल नाला यांसारख्या प्रकल्पांच्या जलाशयांवर कोणत्या ना कोणत्या कचेरीची नोंदवही असते. नदीतील डोह मात्र सर्वांचा आहे, म्हणजेच व्यवहारात कोणाचाच नाही. जो प्रथम पोचेल त्याचा तो होतो.

हात आवरावा, पण पोट?

येथे सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. मोंटानातील हौशी मनुष्य दुपारी गळ गुंडाळून घरी जातो, तेव्हा त्याच्या घरची चूल त्यावाचून अडत नाही. नदीकाठच्या ढिवर, भोई कुटुंबाची गोष्ट तशी नाही. उन्हाळ्यात शेतावर मजुरी नसते. धान्याचे मडके रिकामे होत आलेले असते. आणि नेमका त्याच वेळी डोहात मासा हाताशी आलेला असतो. अशा कुटुंबाला निसर्गरक्षणाचा उपदेश करणे म्हणजे दुसऱ्याच्या उपासावर पुण्य कमावणे होय. शिवाय डोहाचा संहार बहुतेक वेळा ढिवर करीत नाही. जाळे विणणाऱ्याला उद्याही तेच जाळे टाकावयाचे असते. विषाचा डबा ओतणारा बहुधा एका रात्रीचा पाहुणा असतो. बंदी येते तेव्हा ती मात्र जाळ्यावरच प्रथम येते, कारण जाळे दिवसा दिसते.

म्हणून डोहाचे रक्षण ढिवरांना वगळून नव्हे, त्यांना राखणदार नेमूनच होऊ शकेल. पाण्याची खोली, माशाच्या वेळा, कपारी यांचे ज्ञान ज्यांच्याकडे पिढीजात आहे, त्यांच्याशिवाय हे काम दुसऱ्या कोणाला जमणार? भंडारा-गोंदिया भागातील जुन्या मालगुजारी तलावांवर मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजातील जाणत्यांच्या व स्त्रियांच्या साह्याने जे केले, ते या दृष्टीने मार्गदर्शक आहे. तेथे बेशरमीची झुडपे उपटून गावठी पाणवनस्पती लावल्या गेल्या. माशांना आसरा मिळाला आणि नाहीशा होत चाललेल्या गावठी जाती परतू लागल्या. त्या कामात शास्त्र कोणते व परंपरा कोणती, याची सीमारेषा काढणे कठीण आहे.

काय करता येईल

वणा आणि पोथरा यांच्या काठावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील सर्वांत खोल असा एकच डोह ‘राखीव डोह’ म्हणून ठरवावा. गुढीपाडव्यापासून पहिला पूर ओसरेपर्यंत त्यात जाळे, गळ, विष, सुरुंग यांपैकी काहीही पडू नये. काठावरच्या खडकावर रंगाने एक रेघ ओढावी. पाणी त्या रेघेखाली गेले की सर्व मोटारी बंद व्हाव्यात. त्या डोहाच्या वर आणि खाली काही अंतर रेतीला हात लागू नये आणि खोलीकरणाच्या आराखड्यातून तो पट्टा वगळला जावा. इतर डोहांत ढिवरांनी नेहमीप्रमाणे मासे धरावेत. सर्व नदी बंद करण्याची आवश्यकता नाही. एक कणगा शाबूत राहिला तरी पेरणी होते.

यासाठी नवा कायदा हवा असे नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत मत्स्यव्यवसाय आहे. जैवविविधता कायद्याखालील समित्या गावोगाव कागदावर आहेतच. एका पाणथळाला एवढ्याशा माशासाठी संरक्षण मिळू शकते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळ सापडलेल्या एका चिमुकल्या नव्या जातीसाठी तेथील कुंड व प्रवाहाचा परिसर २०२१ साली जैविक वारसास्थळ म्हणून घोषित झाला. आणि कायद्याच्या कितीतरी आधी श्रद्धेने हेच केले होते. रायगड जिल्ह्यातील वाळणकोंड असो वा वैतरणेच्या काठचे तिळसे असो, देवाचे मासे म्हणून तेथील मासा राखला गेला. देवाच्या नावाने जे जमले, ते गावाच्या नावाने जमू नये, असे मानण्याचे कारण नाही.

राखणीचा मोबदला हा या योजनेचा प्राण आहे. उन्हाळ्याच्या अडीच महिन्यांसाठी डोहावर दोन ढिवर कुटुंबांना राखणदार म्हणून मानधन द्यावे. उन्हाळ्यात हाताला काम मिळणे हा हक्क आहे, हे महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने देशाला प्रथम दाखवून दिले. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही मासेमारी बंद असताना पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना निर्वाहसाहाय्य देण्याची कल्पना होती. समुद्रासाठी जे सुचले ते नदीसाठी सुचावे, इतकेच मागणे आहे. एका गावाला यासाठी लागणारी रक्कम खोलीकरणाच्या यंत्राच्या काही दिवसांच्या भाड्याहून फार मोठी असणार नाही.

शिक्षक आणि विद्यार्थी यांनाही यात वाटा उचलता येईल. साधा तापमापक आणि खुणा केलेली काठी घेऊन आठवड्यातून एकदा डोहाचे तापमान व खोली शाळेने नोंदविली, तर पाच वर्षांत त्या वहीतून जे हाती येईल ते आज कोणत्याही कचेरीत सापडणार नाही. कोणत्या पहाटे मासे वर आले, पहिला लोंढा केव्हा उतरला, कोणत्या जाती दिसल्या, हे लिहून ठेवणे हे विज्ञानाचे उत्तम प्रात्यक्षिक होईल. आणि रेघेखाली पाणी गेले हे सांगणारा साक्षीदारही गावाला लाभेल.

वर्धा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो; हा काही वाळवंटाचा प्रदेश नव्हे. तरीही त्याच्या नद्या उन्हाळ्यात निर्जीव होत असतील, तर तो आकाशाचा दोष म्हणता येणार नाही. पावसाळ्यातील नदी निसर्ग देतो. उन्हाळ्यातील नदी माणसाला राखावी लागते. यंदाच्या ग्रामसभेत रस्ते आणि घरकुले यांच्या यादीखाली एका डोहाचे नाव लिहिले गेले, तर त्याला खर्च थोडा येईल. आणि ते लिहिले गेले नाही, तर काही वर्षांनी पूर येईल, नदी भरेल, जाळेही पडेल. वर येताना मात्र त्यात पाण्यावाचून काही नसेल.